थूलबाईंनी धुतलेला शब्द

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात बेशरमाची छडी असे. बेशरम आमच्याकडे नाल्याच्या काठाने वाढतो. जनावर त्याला तोंड लावत नाही, आणि तोडला तरी तो पुन्हा फुटतो. त्याची काडी ओली असताना लवते, वाळली की मोडते. म्हणून दर सोमवारी नवी लागे. मी ती सव्वीस वर्षे वापरली. मग कायदा आला आणि छडी खणातून कपाटात गेली. आवाज मात्र माझ्याजवळच राहिला. त्याबद्दल कोणत्याही परिपत्रकात काही लिहिलेले नव्हते.

वत्सला थूल यांच्याविषयी लिहायचे तर आरंभ छडीपासूनच करावा लागतो. त्या गावात आल्या तेव्हा ती अजून खणात होती.

पुलगावपासून आठ किलोमीटरवर आमचे गाव. चौथीपर्यंतची शाळा, आणि तिच्याच आवारात, हातपंपाच्या पलीकडे, अंगणवाडीची एक खोली. मी शाळेचा मुख्याध्यापक. त्या अंगणवाडीच्या सेविका. आवार एक असले तरी खाती दोन होती. त्या माझ्या हाताखाली नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि मला ते वारंवार आठवावे लागे. वय चाळिशीच्या आसपास, बांधा किरकोळ, पदर खोचलेला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे वाकडी होती. कमरेला कापडाची चंची असे. गावातल्या म्हाताऱ्या चंचीत पान-सुपारी ठेवतात. थूलबाई भाजलेले शेंगदाणे ठेवीत. सर्व गाव त्यांना थूलबाई म्हणे. मीही तेच म्हणत असे.

पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. मुले समोर होती, तरी त्यांनी विचारले.

"सर, तुमचे पोट्टे हात मांगं काऊन बांधतात?"

"शिस्त आहे."

"शिस्त नोहे ते. तुम्ही 'पाटी काढा' म्हनता अन् पोरं हात लपवतात. म्या आता चारदा पायलं. पाटी म्हनजे मार, एवढंच त्याइले समजलं."

मी त्यांना सांगितले की सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांतून तलाठी, नर्स आणि एक फौजदार झाला आहे.

"फौजदार झाला असन," त्या म्हणाल्या. "त्याले चांगलं शिकवलं तुम्ही."

मुले हसली नाहीत. माझ्या वर्गात कोणी हसत नसे. थूलबाई हसल्या आणि निघून गेल्या.

त्यांचे शिक्षण दहावीपर्यंत होते. बालमानसशास्त्रातले एकही पुस्तक त्यांनी पाहिलेले नव्हते. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला शब्दाचा अर्थ कसा समजतो, याविषयी त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो त्या कोणालाही, न विचारता, सांगत. "पोरगं शब्द आयकत नाई. शब्दाच्या मांगून काय येते, ते पायते." मूल प्रथम शब्द शिकते आणि नंतर तो वापरते, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते मूल वाट पाहते. 'दूध' म्हटल्यावर वाटी आली, तर दूध म्हणजे वाटी. 'दूध' म्हटल्यावर आई रडली, तर दूध म्हणजे रडणे. "लोकाइले वाटते पोट्टं अडाणी हाय. पोट्टं हिशेबी राह्यते. आपुनच खोटे."

पुलगावच्या लष्करी डेपोत जुना दारूगोळा नष्ट करतात त्या दिवशी आमच्या गावात धमाके ऐकू येतात. आधी जमीन हलते, मग पत्रे थरथरतात, मग आवाज पोहोचतो. गावाला सवय आहे. नव्या मुलाला नसते. अंगणवाडीत दाखल झालेले मूल पहिल्या धमाक्याला किंचाळते, हे ठरलेले. अशा वेळी मी थूलबाईंना दोनदा-तीनदा पाहिले. खिचडीचा डाव हातात असे, तो थांबत नसे. वाढून झाले की त्या डाव ठेवीत आणि दोन टाळ्या वाजवीत. वीस मुले दोन टाळ्या वाजवीत. किंचाळणारे मूल इकडेतिकडे पाहत उशिराने एक टाळी वाजवी. महिन्याभरात धमाका झाला की तेच सर्वांआधी टाळ्या वाजवू लागे.

"आवाज काय हाय हे त्याले कुठं मालूम?" त्या म्हणत. "ते माह्यं तोंड पायते. माह्यं तोंड भ्यालं का आवाज भेवाचा. माह्यं तोंड हासलं का आवाज खेळाचा. म्हनून पोराइच्या समोर आपलं तोंड सांभाळा लागते, सर. हात तर सांभाळाच, पन तोंड पयले."

माझ्या वर्गातली मुलेही धमाक्याच्या वेळी माझ्या तोंडाकडे पाहत असत. ते तोंड त्यांना काय सांगत होते, ते मला ठाऊक नाही.

त्या मऊ होत्या, असा समज होऊ नये. अंगणवाडीत तन्मय नावाचा एक मुलगा होता. चार पायांच्या प्रत्येक प्राण्याला तो कुत्रा म्हणे. म्हैस कुत्रा, बकरी कुत्रा, गाढव कुत्रा. याच्या डोक्यात दगड भरले आहेत, असे मी म्हणालो.

"दगड नाई, पेटी हाय," थूलबाई म्हणाल्या. "चार पाय दिसले का पेटीत टाकते. चांगलं डोकं हाय. आता पेटीत खण कराचे हायेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची बकरी आणून हातपंपाला बांधली. ती शिंगाळी आणि माजोरी होती. तन्मय तिच्याकडे 'कुत्रा, कुत्रा' करीत गेला आणि कुत्र्याला थोपटावे तसे त्याने तिच्या कपाळावर थोपटले. बकरीने त्याला उचलून मागे फेकले. त्याचा ओठ फाटला. शर्ट रक्ताने भिजला. त्याची आई शेतातून धावत आली आणि तिने आवारात उभी राहून थूलबाईंच्या सात पिढ्या काढल्या. थूलबाईंनी सर्व ऐकून घेतले, मुलाच्या ओठाला हळद लावली आणि म्हणाल्या, "चूक माह्यी हाय, माय. दोरी लांब बांधली. पन रक्त दोन थेंब गेलं, बकरी जन्माची आली." पुढे आठवडाभर तो मुलगा गावात ज्याला त्याला सुजलेला ओठ दाखवीत 'बकली' म्हणून सांगत होता. म्हशीला मात्र तो अजून कुत्राच म्हणे. थूलबाईंनी म्हैस आणली नाही.

मुलांच्या वजनाचे एक सरकारी रजिस्टर असते. त्याची मागची पाने त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. प्रत्येक नव्या मुलाच्या घरी त्या तीनदा जात: एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा पुरुष घरी असताना. पाणी मागून घेत, कोपऱ्यात बसत आणि ऐकत. मग त्या पानांवर एकेक ओळ लिहीत. मी ती एकदा वाचली. त्यांनी अडवले नाही.

'रोशन. पाणी म्हटले की डोळे गच्च मिटतो. रडला की डोके बादलीत बुडवतात.'

'आरुषी. झोप म्हटले की दाराकडे पाहते.'

'समीर. मामा आला म्हटले की चड्डी ओली करतो. मामा येऊन गेला की आईचा हात सुजलेला राहतो.'

अशा बारा-तेरा ओळी होत्या. त्या गावात मी एकतीस वर्षे होतो. या घरांतल्या बापांना मी शिकवले होते. रजिस्टर मिटून मी परत दिले आणि अक्षर सुधारा, असे म्हणालो.

अशा मुलाचे काय करायचे, याची त्यांची एक रीत होती. तिला त्या 'शब्द धुणे' म्हणत. शब्द रक्ताने मळला असेल तर तो काही दिवस वापरायचा नाही, कोणीच नाही. मुलाच्या कानावर तो पडू द्यायचा नाही. मग तो फक्त थूलबाईंनी उच्चारायचा, हळू, दिवसातून दोनदा-तीनदा, आणि त्याच्या मागून दर वेळी चांगलेच यायचे. एकदाही चुकायचे नाही. रोशनचे 'पाणी' त्यांनी सहा आठवड्यांत धुतले. तो शब्द उच्चारायचा आणि त्याच्या तळहातावर कोमट पाण्याचा एक थेंब सोडायचा, इतकेच. पुढे तो पोहायला शिकला.

स्वतःविषयी त्या एकदाच बोलल्या. तांदूळ निवडीत होत्या. मी हातपंपावर उभा होतो.

"माह्या घरी 'जेवाले वाढ' म्हटलं का ताट भितीवर जाये," त्या म्हणाल्या. "चौदा वर्सं. अजून बी कोनी म्हटलं, 'बाई, जेवाले वाढा', तर मी पयले भितीकडे पायतो. माह्यावाला शब्द धुवाले कोनी नोहतं."

"मग?"

"मंग एक दिवस म्या तवा उचलला. गरम होता. त्या दिवसापासून नवरा घराबाहीर झोपू लागला अन् मी नोकरी पाहू लागली."

"आणि बोटे?"

"ते तव्याच्या आंधीचं," त्या म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ पाखडू लागल्या.

राणू साडेतीन वर्षांची असताना अंगणवाडीत आली. तिचा बाप विलास जिनिंगमध्ये हमाल होता. कापसाच्या हंगामात तो दिवसभर पुलगावला असे आणि सायंकाळी परते. हंगाम संपला की दिवसभर घरीच. त्याची बायको सविता अबोल होती आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे पोलके घाली. विलासही माझाच विद्यार्थी. त्याचे पाढे चांगले होते.

पहिल्या दिवशी थूलबाईंनी राणूला "ये" म्हटले. मूल वळले, भिंतीपर्यंत पळाले, खाली बसले आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले. रडले नाही. डोके झाकून वाट पाहत राहिले. थूलबाईंनी पुन्हा हाक मारली नाही. त्या आठवड्यात त्या तीनदा विलासच्या घरी गेल्या. तिसऱ्या खेपेहून परतल्या त्या सरळ माझ्या घरी आल्या.

"तो तिले 'ये' म्हनते अन् मारते," त्या म्हणाल्या. "दर खेपेले. पोट्टीचं काही चुकलं म्हनून नाई. सवितेले मारते, मंग हिले बोलावते. हे बाजेखाली जाते. मंग पाय धरून ओढते. त्या पोट्टीनं 'ये' हा शब्द मारासाठीच आयकला. मारासाठीच."

"पोलिसात जा."

"काल गेलती. जमादार म्हने नवरा-बायकोचं हाय, घरी मिटवा. सविता बी बोलत नाई. म्या तिले तव्याची गोष्ट सांगतली, तर ते म्हने, 'माह्याजवळ नॉनस्टिक हाय.'" त्या क्षणभर हसल्या. मग चेहरा पूर्ववत झाला. "सर, हे पोट्टी बोलावल्यावर उलटी पळते. उद्या ते विहिरीच्या काठाले असन, का रस्त्यात टॅक्टरसमोर असन. कोनी जीव तोडून बोलावन, 'ये, ये.' ते तिकडेच जाईन. मरन एक दिवस. हा एक शब्द तिले आला पायजे."

दुसऱ्या दिवसापासून आवारात तो शब्द बंद झाला. अंगणवाडीची मदतनीस कांताबाई, स्वयंपाकीण, मोठी मुले, सर्वांना थूलबाईंनी बजावले. मलाही सांगितले. अकरा ते एक या वेळात 'ये' म्हणायचे नाही. 'चला' म्हणा, नावाने हाक मारा, नाहीतर हात करा. एका मुलीसाठी एकशे दहा मुलांच्या शाळेने एक शब्द सोडावा, हे मला हास्यास्पद वाटले. मी तसे बोललो.

"छडी सोडली ना तुम्ही? हा त्याच्याहून लहान हाय."

"छडी मी सोडली नाही. सोडवली."

"मंग हा तरी सोडा," त्या म्हणाल्या.

मी सोडला. चार महिने मी तो नियम पाळला, हेही येथे नोंदवतो.

पहिला महिना त्यांनी तो शब्द उच्चारलाच नाही. मग राणू हातभर अंतरावर असताना, दुसरीकडे पाहत, त्या पुटपुटल्यासारखे "ये" म्हणत आणि शेंगदाणा तिच्या समोर जमिनीवर ठेवीत. तिला हलावे लागत नसे. शेंगदाणाच तिच्याकडे जाई. पंधरा दिवसांनी तो जमिनीऐवजी त्यांच्या तळहातावर आला. मग तळहात एक वीत मागे गेला. मग दोन वीत. कधी राणू निम्म्यातून परत फिरे. तसे झाले की आदल्या रात्री घरी काय घडले, ते थूलबाईंना न सांगता कळे. "रोज सायंकाळी तो मळवते अन् रोज सकाळी मी धुतो," त्या म्हणत. "पाहू कोन थकते."

माघात राणू खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आली. फाल्गुनात ओसरीवरून हातपंपापर्यंत. ती चालत येई. डोक्यावर हात नसत. थूलबाई तिला काही म्हणत नसत. शाबासकीही देत नसत. फक्त तीन शेंगदाणे तळहातावर ठेवीत आणि तिच्याकडे पाहून हसत. मुलगी आधी तोंड पाही, मग हात पुढे करी.

चैत्रातला गुरुवार. शिक्षण विभागाचे अधिकारी येणार होते. आवार झाडले होते, फळे पुसले होते. राणू शाळेच्या पायरीवर होती. थूलबाई तिच्यापासून तीस पावलांवर, अंगणवाडीच्या दारात. एवढे अंतर प्रथमच. त्यांनी "ये" म्हटले आणि मुलगी चालू लागली. मी व्हरांड्यातून ते पाहत होतो. ती निम्म्यावर आली असेल.

त्याच वेळी तिसरीतला एक मुलगा चपलांसकट झेंड्याच्या ओट्यावर चढला. ओटा त्याच सकाळी चुन्याने रंगवला होता.

मी ओरडलो, "इकडे ये!"

माझा आवाज त्या आवारात भिंतीवर आपटून परत येत असे. मला त्याचा अभिमान होता.

राणू उभी राहिली. तिने थूलबाईंच्या तोंडाकडे पाहिले, कारण तिला तेच शिकवले होते. त्या क्षणी थूलबाईंनी माझ्याकडे पाहिले होते, आणि त्यांच्या तोंडावर राग होता. मुलांसमोर तो कधी दिसलेला नव्हता. मुलीने तो शब्द ऐकला आणि त्याच्या मागून ते तोंड पाहिले. ती वळली आणि फाटकातून बाहेर पळाली. थूलबाई तिच्या मागे पळाल्या. नुसत्या नावाने ती परतली नसती आणि 'ये' अशी हाक मारणे त्यांना शक्य नव्हते. मारायचा शब्द तोच होता.

मी धावलो नाही. मुख्याध्यापकाने धावू नये, असे मला वाटत असे. ओट्यावरच्या मुलाला उतरवून, चपला काढायला लावून, मग मी निघालो.

राणू घरी गेली होती. बाजेखालची जागा तिला माहीत होती. हंगाम संपला होता आणि विलास घरी होता. पुढचे मी सविताकडून ऐकले, आणि ते तिने न्यायालयातही सांगितले. तिचेच शब्द लिहितो.

"सकायपासून मलेच मारून राह्यला होता. फावड्याच्या दांड्यानं. तेवढ्यात हे आली अन् बाजेखाली गेली. त्यानं म्हटलं, 'ये बाहीर.' ते आली नाई. त्यानं पाय धरून ओढली. थूलबाई दारात आल्या. त्याले काही बोलल्या नाई. शिव्या नाई, काही नाई. वाकल्या अन् पोरीवर पडल्या. दांडा वर होता. थांबवता आला असता त्याले. त्यानं थांबवला नाई. मंग अजून एक मारला."

मी पोहोचलो तेव्हा थूलबाई पालथ्या होत्या. डाव्या कानामागून रक्त वाहत होते आणि सारवलेल्या जमिनीवर पसरत होते. चंची फाटली होती. शेंगदाणे रक्तात पडले होते. त्यांच्या खाली राणू होती. तिचा एक पाय बाहेर दिसत होता. विलास दांडा धरून उभा होता. मला पाहून त्याने दांडा खाली केला आणि म्हणाला, "सर, मधात आल्या ना त्या." चुकलेल्या गणिताचे कारण सांगावे, तसा.

मी त्याला म्हटले, "इकडे दे." त्याने दिला. पहिलीपासून तो माझे ऐकत आला होता. मग मी त्याला त्याच दांड्याने मारले. तो पडला. पडल्यावरही मी मारत होतो. त्याचा खांदा मोडला आणि दात पडले. कांताबाईने मागून येऊन माझा हात धरला आणि ओरडली, "सर, पोट्टी पाहून राह्यली ना!" मी वळलो. राणू थूलबाईंच्या खालून डोके काढून माझ्याकडे पाहत होती.

जबाबात मी हे सर्व सांगितले. जमादाराने माझ्या वयाकडे पाहिले आणि माझ्या मारण्याचा भाग लिहून घेतला नाही. न्यायालयात मला विचारले गेले की मुलगी शाळेच्या आवारातून घरी का पळाली. मी म्हणालो, "मी ओरडलो म्हणून." त्या उत्तराशी कोणाला कर्तव्य नव्हते. विलासला शिक्षा झाली.

थूलबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात नऊ आठवडे होत्या. जगल्या. डॉक्टरांनी मला समजावून सांगितले की मेंदूत शब्दांची जागा असते आणि मार नेमका तिथे बसला आहे. त्यांना ऐकलेले समजेल. बोलायला शब्द मिळणार नाही. मी त्यांना पलंगावर पाहिले. त्यांनी मला ओळखले. तोंड उघडले आणि 'चमचा' म्हणाल्या. आपण चुकीचे बोललो, हे त्यांना कळले. पुन्हा तोंड उघडले. पुन्हा 'चमचा'. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

त्यानंतर मी सहा वर्षे त्यांना भेटलो नाही. कारणे देता येतील; देत नाही.

वर्षभरात मी निवृत्त झालो. थूलबाईंच्या भावाचे घर वर्ध्याला, बोरगाव मेघेत आहे. त्या तिथे गेल्या. सविताने त्याच गल्लीत खोली घेतली आणि एका वसतिगृहात ती पोळ्या लाटू लागली. हे मला कांताबाईकडून कळत असे. मागच्या वर्षी बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो.

दार उघडे होते. थूलबाई खुर्चीवर होत्या. केस पांढरे, उजवा हात मांडीवर पडलेला, कमरेला नवी चंची. समोर दोन वेण्या घातलेली मुलगी बसली होती. तिच्या परकराच्या ओच्यात घरातल्या वस्तू होत्या: वाटी, कंगवा, कुलूप, लिंबू. ती एकेक वस्तू थूलबाईंच्या डाव्या हातात, त्या वाकड्या बोटांत, ठेवी आणि वाट पाही. नाव सांगत नसे. थूलबाई वस्तू दाबीत, फिरवीत. शब्द आला नाही तरी मुलगी चेहरा बदलत नसे. लिंबाला थूलबाई 'कुलूप' म्हणाल्या. मुलीने मान डोलावली नाही, हसली नाही. लिंबू दाताने फोडले आणि त्यांच्या ओठाला लावले.

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आतून सविता आली. तिच्या पोलक्याच्या बाह्या आता कोपरापर्यंतच होत्या.

"अवो बाप्पा, सर! या ना. उभे काऊन? राणू, सर आले पाय. सर होत आपल्या गावचे."

मुलीने वळून पाहिले. तिने मला ओळखले. कशावरून ओळखले, ते मी समजू शकतो. तिचे दोन्ही हात वस्तूंवर होते. ते तिथेच राहिले. मी आत गेलो नाही. मला बसावेसे वाटत नव्हते आणि निघून जाणेही शक्य नव्हते. सविताने पुन्हा बोलावले. मी नुसतेच "बरे आहे ना सर्व?" असे विचारले. माझा आवाज मला मोठा वाटला.

तेव्हा थूलबाईंनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. त्यांचे तोंड हलले. शब्द शोधला जात होता. मला वाटले, 'चमचा' येईल.

"ये," त्या म्हणाल्या.

सविता ओशाळली. "तिले तेवढाच चांगला येते, सर. सगळ्याइले तसंच म्हनते. राग नोका धरू."

आयुष्यभर तो शब्द मी उच्चारला होता. वर्गातून, व्हरांड्यातून, टेबलामागून. माझ्यापर्यंत येणारी मुले कशी चालत असत, ते मी अनेकदा पाहिले होते. मी थूलबाईंच्या तोंडाकडे पाहिले. मग चप्पल काढली आणि चालू लागलो. दार ते खुर्ची सात पावले होती.

खुर्चीपाशी पोहोचल्यावर माझा उजवा हात आपोआप पुढे झाला, तळवा वर. माझ्या समोर मुले तो तसाच धरीत. तळहातावर काही पडेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते, हे मला नंतर कळले.

शेंगदाणे होते. तीन.